रूझेनाचा हात

रूझेना क्रातिनोवा आमच्या क्लबात सात वर्षं येत होती आणि सात वर्षांत तिला कुणी टेबलाशी ये म्हणालं नाही. क्लब म्हणजे अग्निशमन दलाच्या इमारतीतला वरचा हॉल. दर गुरुवारी दुपारी चारला आम्ही पंधरा-सोळा जण आपापली प्लास्टिकची विमानं नि मोटारी घेऊन तिथे जमायचो. दाराशी कोट टांगायच्या खुंट्या होत्या, त्याखालच्या बाकावर ती मांडीवर विणकाम घेऊन बसायची. नवऱ्याचा खोका उघडून द्यायची, जाताना बंद करून घ्यायची. कुणाला कॉफी हवी असली तर तिच्याकडे बघून रिकामा कप जरा उचलला की काम व्हायचं.

मी एव्झेन शोल्त्स, ल्होतीनचा निवृत्त पोस्टमास्तर. अक्षर बरं म्हणून क्लबचा चिटणीस मीच होतो. प्रदर्शनात मॉडेलसमोर जे पांढरं कार्ड ठेवतात, गाडीचं नाव आणि करणाऱ्याचं नाव लिहिलेलं, ती सगळी कार्डं माझ्या हातची. त्यामुळे झालं ते मी नुसतं लांबून पाहिलं, असं मला म्हणता यायचं नाही.

तिचं आधीचं आयुष्य सांगण्यासारखं तिनेच कधी मानलं नाही. खाली याब्लोनेत्सच्या रस्त्याला नाताळच्या काचगोळ्यांचा कारखाना होता. सोळाव्या वर्षी ती तिथे लागली आणि पुढची पस्तीस वर्षं गोळ्यांवर बर्फाच्छादित छपरं, हरणं आणि चांदण्या रंगवत राहिली. खारीच्या केसांचा ब्रश, गोळा डाव्या हातात फिरता, आणि रेघ ओढेपर्यंत श्वास बंद. दिवसाला दोनशे गोळे. कारखाना विकला गेला तेव्हा पन्नाशीच्या बायकांना पहिल्यांदा घरी पाठवलं. तिने ब्रश पुसून घरी आणले आणि स्वयंपाकघरातल्या खणात ठेवून दिले.

नवरा लुबोर क्रातिना. त्याला आम्ही उस्ताद म्हणायचो, आणि तो होताच. लिबेरेत्सच्या बस दुरुस्ती आगारात तो रंगारी होता. दिवसभर बसवर रंगाचा फवारा मारायचा आणि घरी येऊन वीतभर लांबीच्या मोटारींवर. आमच्या देशात प्लास्टिकची मॉडेलं म्हणजे मुख्यतः विमानं, आणि विमानवाले मोटारवाल्यांना जरा खालचे समजतात. पण विमानाला मळकट, बिनचकाकीचा रंग चालतो. त्यावर डाग पडला तर युद्धाचा म्हणून खपतो. मोटार चकचकीत लागते. तिच्यावर धुळीचा एक कण बसला तर तो हिमावरच्या कावळ्यासारखा दिसतो. लुबोरच्या मोटारींवर कण नसायचा. त्याची काळी सरकारी तात्रा मोटार मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिच्या टपावर मला खिडकी दिसली, खिडकीतलं मेपलचं झाड दिसलं, आणि माझं नाक दिसलं.

परीक्षक म्हणून मात्र त्याच्यासारखा कसाई झाला नाही. एक छोटा टॉर्च, एक भिंग आणि एक विणकामाची सुई. सुईचं टोक तो मॉडेलला लावायचा नाही, केसभर अंतरावर धरायचा आणि चुका मोठ्याने मोजायचा. करणारा समोर उभा.

"एक. दाराची फट डावीकडे रुंद. दोन. काचेवर गोंदाचा धुरकट डाग. तीन. टपावरचा रंग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत. तुम्ही हे रंगवलंत की भाकरीला लोणी लावलंत?"

आमचे अध्यक्ष, दातांचे डॉक्टर पेल्त्स, यांच्या पहिल्याच मोटारीला त्याने अडतीस चुका काढल्या आणि म्हणाला, "डॉक्टर, माझी दाढ दुखली तर मी दुसऱ्या गावाला जाईन." सगळे हसले. पेल्त्सही हसले. पण त्यानंतर त्यांनी मोटार केली नाही, विमानांकडे गेले. चुका मोजायची ती पद्धत लुबोरनेच लिहून काढली होती. मी टंकलिखित करून दिली, आणि पुढे बोलेस्लाव या मोटार कारखान्याच्या शहरातल्या क्लबानेही ती उचलली.

सत्याण्णवच्या शरद ऋतूत एका गुरुवारी लुबोरने बिअरचा ग्लास उचलला आणि अर्धी बिअर पेल्त्सच्या बाहीवर सांडली. त्याने ग्लासाला शिवी दिली. पुढच्या आठवड्यात तो बिअर नको म्हणाला. त्यानंतर त्याचा उजवा हात कोटाच्या खिशात असायचा. डॉक्टरांनी आजाराचं नाव लिहून दिलेला कागद त्याने घडी करून ड्रॉवरमध्ये टाकला आणि घरात त्याबद्दल बोलायचं नाही असं बजावलं. हे मला पुढे रूझेनानेच सांगितलं.

आम्ही मनात म्हटलं, संपला उस्ताद. आणि पुढच्याच वसंतात तो बोलेस्लावच्या स्पर्धेला निळीशार पोर्शे घेऊन आला आणि सुवर्णपदक घेऊन गेला. डॅशबोर्डवरच्या वेगमापकाचा काटासुद्धा रंगवलेला होता, केसाच्या चौथ्या हिश्श्याएवढा. बोलेस्लाववाले भिंग लावून बघत होते आणि शेजारी लुबोर खिशात हात घालून उभा होता. खोका धरून मागे रूझेना.

कसं, ते मला जूनमध्ये कळलं. नोंदणीचा अर्ज सही करून घ्यायला मी सकाळी त्यांच्याकडे गेलो. दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात खिडकीशी ती बसली होती, डाव्या हातात मोटारीचं आसन चिमट्याने धरलेलं, उजव्या हातात तो खारीच्या केसांचा ब्रश. लुबोर तिच्या मागे उभा होता आणि त्याच्या हातात ती परीक्षकाची सुई. सुई थरथरत होती, पण रूझेनाच्या बोटांच्या पेरांवर मारायला तेवढा नेम पुरत होता.

"म्हशीसारखा हात टेकू नकोस. पुन्हा पुसायला लावू का? पस्तीस वर्षं हरणं काढलीस ना, हे हरीण नाही."

ती श्वास रोखून होती, रेघ पुरी व्हायची होती. रेघ झाली, तिने ब्रश उचलला, आणि मग मी दारात दिसलो.

लुबोर म्हणाला, "तिला जरा धूळ पुसायला शिकवतोय."

"हो का," मी म्हणालो आणि अर्ज पुढे केला. सही तिने केली, त्याच्या नावाची. तीसुद्धा हुबेहूब.

मी हे क्लबात सांगितलं. सांगायची गरजही नव्हती. ज्याला काटा-सुरी धरता येत नाही तो वेगमापकाचा काटा कसा रंगवतो, हे न कळण्याइतके आम्ही पंधरा जण मठ्ठ नव्हतो. पेल्त्स म्हणाले, "बोलेस्लाववाल्यांना कशाला कळायला हवं?" बस, एवढीच चर्चा झाली. आमच्या छोट्या गावाने मोटारींच्या शहरात जाऊन पदक आणलं होतं. नंतर अजून तीन आणली. प्रत्येक वेळी आम्ही बसमध्ये गाणी म्हणत परत यायचो आणि ती शेवटच्या सीटवर खोका मांडीवर घेऊन बसायची, खड्डा आला की खोका दोन्ही हातांनी वर उचलून धरायची.

या खेळात आम्हाला मजा येत होती, हेही सांगितलं पाहिजे. कुणीतरी मुद्दाम विचारायचं, "उस्ताद, ही चंदेरी पट्टी कशी लावली हो?" लुबोर सांगायला लागायचा, वर्खासारखी पातळ पत्री कशी कापायची, काडीने कशी दाबायची, आणि मधेच अडायचा, कारण पद्धत आता त्याची राहिली नव्हती. मग तो खुंट्यांकडे बघायचा. रूझेना विणकामावरून मान न उचलता म्हणायची, "तू ती आधी कोमट करून घेतोस, लुबोर." आणि आम्ही एकमेकांच्या पायाला पाय लावायचो.

दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात लुबोरला तीन आठवडे औषधी झऱ्यांच्या उपचाराला पाठवलं. त्या तीन आठवड्यांत रूझेनाने स्वतःसाठी एक किट विकत आणलं. इटलीची ती बुटकी, गोल फियाट ५००. नवऱ्याच्या कपाटात साठ-सत्तर न उघडलेले खोके होते, पण त्यांना तिने हात लावला नाही.

सप्टेंबरात आमच्या हॉलमध्ये वार्षिक स्पर्धा होती. आदल्या दिवशी नोंदणी. ती माझ्या टेबलाशी आली, बुटांच्या खोक्यातून गाडी काढली आणि म्हणाली, "पोस्टमास्तर, माझं नाव लिहा."

मी गाडी पाहिली. मला आजही ती रंगासकट आठवते. दुधात निळं मिसळल्यासारखा रंग, पण चकचकीत नव्हे. बारा उन्हाळे उन्हात उभी राहिलेली गाडी असते तसा, टपावर फिका आणि दारांखाली गडद. डाव्या दाराला एक पोचा, कुणीतरी भिंतीला घासल्यासारखा. मागच्या सीटवर कागदाच्या पिशवीत कलिंगड. चालकाची सीट जिथे माणूस बसून बसून झिजते तिथे झिजलेली. लुबोरच्या गाड्यांत कधी कुणी बसलं नव्हतं. या गाडीतून आत्ताच कुणीतरी उतरून दुकानात गेलं होतं.

"हे तुम्ही केलं?" मी विचारलं.

"तुम्हाला माहीत आहे मी काय करते ते."

मी कार्ड लिहिलं. रूझेना क्रातिनोवा, नवशिके. नियमाप्रमाणे पहिल्यांदा नोंद करणारा नवशिक्यांत जातो. त्या वर्षी नवशिक्यांची दोन टेबलं होती. एकावर परीक्षक पेल्त्स, दुसऱ्यावर लुबोर. गाडी कुठल्या टेबलावर ठेवायची हे माझ्या हातात होतं. मी ती लुबोरच्या टेबलावर ठेवली. चुकून नाही. काय होतंय ते मला बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी हॉल भरलेला. बायका-पोरं, बोलेस्लावचे पाहुणे, टेबलांवर अंडं-खिमा लावलेले पावाचे तुकडे. लुबोर टॉर्च घेऊन नवशिक्यांच्या टेबलाशी आला. टॉर्च धरायला मीच होतो, कारण त्याच्या हातात प्रकाश नाचायचा. त्याने दोन मॉडेलं झोडपली. मग फियाटपाशी आला आणि थांबला.

"हे कोणाचं?"

मी कार्ड वाचून दाखवलं.

त्याने माझ्या हातातला टॉर्च ओढून घेतला आणि डॅशबोर्डवर धरायचा प्रयत्न केला. प्रकाश हलत होता तरी त्याला दिसलं. ती रेघ त्याने चार वर्षं पाहिली होती, तिच्यासाठी बोटांवर मारलं होतं. त्याचा चेहरा एकदम म्हातारा झाला. मला वाटलं, आता हा काहीतरी चांगलं बोलणार. खरंच वाटलं.

तो हसला. मागे वळून, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाला, "अहो, हे माझंच आहे. गंमत म्हणून केलं होतं, मागच्या कपाटात पडलेलं. आमच्या बाईसाहेबांनी उचलून आणलं आणि आपलं नाव लावलं."

हॉलमध्ये हशा झाला. पाहुणे हसले ते विनोद समजून. आमचे लोक हसले ते कशामुळे, हे ज्याचं त्याला ठाऊक.

रूझेना खुंट्यांपासून उठून आली. मी तिला हॉलच्या मध्यभागी उभं राहिलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ती हळू आवाजात म्हणाली, "लुबोर, तुझ्या शर्टाची बटणं सकाळी कोणी लावली?"

"बटणं लावते म्हणून तू मोटारी करायला लागलीस? मग आमची धोबीण विमानं उडवत असेल."

पुन्हा हशा. तिने त्याच्याकडे बघणं सोडलं आणि पेल्त्सकडे बघितलं. पेल्त्सनी चष्मा काढला, पुसला. पाहुण्यांसमोर त्यांना काहीतरी करणं भाग होतं. त्यांनी ते माझ्यावर ढकललं.

"एव्झेन, तू त्यांच्या घरी जातोस. तू सांग. कोणाच्या हातचं आहे हे?"

बोलेस्लावचे तीन जण माझ्याकडे बघत होते. मी खरं सांगितलं असतं तर चार पदकं परत गेली असती आणि वर्तमानपत्रात आमच्या गावाचं नाव आलं असतं. हे कारण मी त्या वेळी मनाशी धरलं. आज विचार करतो तेव्हा वाटतं, तेवढंही नव्हतं. दोन पावलांवर लुबोर उभा होता आणि मला त्याच्या जिभेची भीती वाटत होती.

"मला नाही सांगता येणार," मी म्हणालो.

रूझेनाने मान हलवली, जणू मी तिला टपालाचा दर सांगितला होता. ती परत बाकावर गेली आणि विणकाम हातात घेतलं. मी कार्ड उचललं आणि खिशात घातलं. थोड्या वेळाने पेल्त्सनी कॉफीचा कप उचलला. ती उठली नाही. बाकी काही घडलं नाही.

हे इथेच थांबलं असतं तर कदाचित ती विसरली असती. बायका बरंच विसरतात, किंवा विसरल्यासारखं वागतात. पण एप्रिलमध्ये बोलेस्लावची स्पर्धा आली. लुबोरने कुणाकडून तरी सुतळीने बांधून घेतलेला खोका तिच्या हातात दिला. आत लाल आल्फा आहे, तीच मोटार जी रूझेना डिसेंबरपासून करत होती, असं म्हणाला. तिने तो बसमधून मांडीवर नेला. हॉलमध्ये सुतळी सोडली तर आत फियाट.

"तुझी आल्फा कच्ची आहे," तो म्हणाला. "टेबलावर ठेव."

तिने ठेवली. मी कार्ड लिहिलं. हो, तेही मीच लिहिलं: लुबोर क्रातिना, ज्येष्ठ गट. रौप्यपदक मिळालं. एका मासिकाने फोटो छापला आणि लिहिलं की उस्तादाने उतारवयात आपली शिस्त सैल केली आहे आणि त्याच्या कामात प्रथमच माणूस दिसतो. त्याने ते पान फाडून स्वयंपाकघरात फ्रिजवर लावलं. ती जिथे बसून काम करायची त्याच्या समोरच.

त्या दिवसापासून रूझेनाने ब्रश धरला नाही.

भांडण झालं नाही, असं ती सांगायची. सकाळी नाश्ता झाला की ती टेबल पुसायची, वर्तमानपत्र अंथरायची. कपाटातून एक नवा खोका काढून उघडायची. सगळे भाग कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन, वाळवून मांडायची. चाकू, कानस, चिमटा, फटी भरायची लांबी, पॉलिश पेपर, सगळं रांगेत. ब्रश ओले करून टोकदार करायची. मग लुबोरला खुर्चीत बसवायची, गळ्याशी रुमाल बांधायची, आणि समोर विणकाम घेऊन बसायची.

"कर," ती म्हणायची.

मी एकदा गेलो तेव्हा हे पाहिलं. तो एका आरशाला रंग लावत होता. ब्रश आरशाला लागला, टेबलाला लागला, त्याच्या अंगठ्याला लागला. पुढची काच त्याच्या बोटांच्या ठशांनी धुरकट झाली होती, गोंद तसाच सुकला होता. तो घामाघूम.

"रूझेना," तो म्हणाला, "फक्त काच. काच तेवढी बसव."

"मला कुठे येतं?" ती टाके मोजत म्हणाली. "सावकाश कर. अख्खा दिवस आहे."

"मी चुकलो म्हटलं ना तुला."

"म्हटलंस. इथे, फ्रिजपुढे म्हटलंस."

"मग आता कुठे म्हणू?"

काच त्याच्या हातून सुटून जमिनीवर पडली, तिने वाकून उचलली, पुसली आणि पुन्हा त्याच्यासमोर ठेवली. सेवेत तिने काही कमी केलं नाही. गुलाश त्याला चमच्याने भरवायची, डंपलिंगचे बारीक तुकडे करून. आंघोळ घालायची. नखं कापायची. फक्त रोज सकाळी नऊला टेबल मांडायची, रविवार सोडून. दोन वर्षांत त्याने त्या कपाटातले एकोणीस खोके बिघडवले. प्रत्येक बिघडलेली गाडी ती त्याच्या पलंगासमोरच्या फळीवर ठेवायची, त्याला दिसेल अशी.

पेल्त्स एकदा केक घेऊन तिला समजवायला गेले. "बाई, जे झालं ते झालं. क्लबच्या नावाचा विचार करा. राष्ट्रीय प्रदर्शन आहे."

"मला येत नाही हो, डॉक्टर. पोस्टमास्तरांना विचारा, त्यांनाही सांगता आलं नाही."

पेल्त्सनी हे मला शब्दशः येऊन सांगितलं आणि वर म्हणाले, "बाई फार कडू झाली."

दोन हजार पाचच्या एप्रिलमध्ये तिने लुबोरला स्वतःच बोलेस्लावला नेलं. एकोणिसाव्या बिघडलेल्या गाडीसकट, असं आम्ही म्हणायचो. खरं तर ती त्यातल्या त्यात बरी होती, हिरवी, चारही चाकं जागेवर असलेली. लुबोरला जायचं नव्हतं. तिने त्याला सूट घातला, टाय बांधला, आणि ज्येष्ठ गटात त्याचं नाव नोंदवलं. त्या दिवशी ती मागे दाराशी बसली नाही. पहिल्या रांगेत, त्याच्या शेजारी, त्याचा हात आपल्या हातात धरून बसली.

बोलेस्लावचा परीक्षक तरुण होता, सभ्य होता, पण नियम नियम. टॉर्च, भिंग, सुई. चुका मोठ्याने. तो तीसपर्यंत गेला आणि घुटमळला, लुबोरकडे पाहिलं. "उस्ताद, थांबू का?"

लुबोरच्या ओठांवर थुंकी जमली होती. त्याच्या वतीने रूझेना बोलली. "थांबू नका. पद्धत यांचीच आहे. हे पूर्ण मोजायचे."

त्याने पूर्ण मोजलं. सत्तावन्न. हॉलमध्ये कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. पाच पदकं दिलेल्या लोकांना आता काय दिसलं ते त्यांच्या चेहऱ्यावर होतं, आणि ते तिला दिसावं म्हणूनच ती आली होती. कुणी तिच्यापाशी येऊन काही बोललं का? नाही. एकाने फक्त तिला वाट करून दिली.

परतीच्या बसमध्ये लुबोर रडला. ती खिडकीबाहेर बघत होती. मी मागे वळून म्हणालो, "बाई, एवढं नको होतं."

ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्हाला जेवढं सांगायला नको होतं, तेवढंच आहे हे."

लुबोर त्यानंतर फार जगला नाही. दोन हजार सहाच्या फेब्रुवारीत गेला, न्यूमोनियाने, दुपारी, ती सूप गरम करत असताना. अंत्यविधीला क्लबाने मोठं फुलांचं चक्र नेलं आणि पेल्त्सनी भाषण केलं. देशाने एक हात गमावला, असं म्हणाले. मी रूझेनाकडे पाहिलं. ती बुटांवरचा बर्फ झटकत होती.

मग सांस्कृतिक भवनात लुबोरच्या आठवणीसाठी काचेचं कपाट करायचं ठरलं. त्यात त्याच्या सगळ्या गाड्या. मी आणि पेल्त्स तिच्याकडे मागायला गेलो. वाटलं, नाही म्हणेल. ती म्हणाली, "पुढच्या महिन्यात पहिल्या सोमवारी घेऊन जा."

सोमवारी तीन मोठे खोके तयार होते, प्रत्येक गाडी टिश्यू कागदात गुंडाळलेली. आम्ही हॉलमध्ये नेऊन उघडले. पहिल्या खोक्यात जुन्या सहा गाड्या होत्या, सत्याण्णवच्या आधीच्या. काळी तात्रा होती, टपावर अजून माणसाचं तोंड दिसत होतं. दुसऱ्या खोक्यातला पहिला कागद पेल्त्सनी सोडवला आणि हातात राहिला नुसता पांढरा सांगाडा. रंग नाही, चकाकी नाही, चंदेरी पट्टी नाही. आसनं, डॅशबोर्ड, चाकं, सगळं उघडं प्लास्टिक, कारखान्यातून येतं तसं. ती पोर्शे होती, हे आकारावरून ओळखलं. त्याखाली दुसरी तशीच, मग तिसरी. सगळ्या सुवर्णपदकांच्या गाड्या. आल्फाचा अर्धवट रंगही उतरवलेला. सगळ्यांना ब्रेक ऑइलचा वास येत होता. त्यात बुडवून ठेवलं की रंग सुटतो आणि प्लास्टिकला काही होत नाही. तिने सगळं वेगळं करून, भिजवून, दात घासायच्या ब्रशने घासून, पुन्हा जोडलं होतं. महिनाभराचं काम असणार.

पेल्त्स मटकन बसले. मी सरळ तिच्या घरी गेलो. ती खिडक्या पुसत होती.

"हे काय केलंत, बाई?"

"तुम्ही त्याच्या गाड्या मागितल्या. त्याचं होतं ते तसंच दिलं. माझं होतं ते काढून घेतलं."

"आणि फियाट? ती तर तुमची होती. तिलासुद्धा?"

तिने फडका पिळला. "तिच्यावर मासिकात त्याचं नाव आलं. मी ती ठेवून काय करू? तुम्हाला बघायला बोलावू?"

मी विचारलं, आता पुन्हा करणार का, स्वतःच्या नावाने. आता कुणी आड येणार नाही. कार्ड मी लिहीन, असंही म्हणालो.

"तुमचं अक्षर छान आहे," ती म्हणाली आणि पुढची काच पुसायला लागली.

पांढऱ्या गाड्या आम्ही फेकून दिल्या. पेल्त्सनीच सांगितलं, कुणाला दाखवायच्या नाहीत. काचेच्या कपाटात सहा गाड्या आहेत आणि खाली माझ्या अक्षरात लुबोरचं नाव आहे. येणारे-जाणारे तात्राच्या टपात आपलं तोंड बघून पुढे जातात. पदकं दुसऱ्या फळीवर ठेवली आहेत. कुठलं पदक कुठल्या गाडीचं, असं आजवर कुणी विचारलेलं नाही.

रूझेनाने पुढे रंगाला हात लावला नाही. ती आता गावच्या पोहण्याच्या तलावावर तिकिटं देते. डॉक्टरांनी माझ्या पाठीला पोहणं सांगितलं आहे, त्यामुळे मंगळवारी आणि शुक्रवारी मला तिच्या खिडकीशी जावं लागतं. पहिल्या आठवड्यात मी म्हणालो, "कशा आहात, रूझेनाबाई?" तिने माझ्या मागच्या माणसाकडे बघितलं, तिकीट काचेखालून सरकवलं आणि म्हणाली, "पुढचे या."